कोपराच्या घडीतला चट्टा

डोंबिवलीत पाऊस थांबायचं नाव घेत नाही. झबली पंख्याखाली, तरी दमटच. बाळाच्या कोपराच्या घडीत पुन्हा लाल, खरखरीत चट्टा उठलाय. रात्रभर गाल माझ्या खांद्यावर घासत होतं.

शेजारच्या काकूंचं निदान तयारच, "एमआयडीसीची हवा, दुसरं काय!" 2014 ला इथे हिरवा पाऊस पडला, 2020 ला रस्ता गुलाबी झाला, संशय यायचाच. पण डॉक्टर म्हणतात, अशा बाळांची ओल धरून ठेवणारी कातडीच जन्मतः कच्ची असते, आणि बरेचदा ते, दम्यासारखंच, घराण्यातून येतं. घाम, लोकर, साबण ही नुसती निमित्तं.

म्हणून आंघोळ कोमट पाण्याची, झटपट. अंग चोळायचं नाही, टिपायचं. ओलसर असतानाच बिनवासाचं मलम भरपूर लावायचं. सासूबाईंना डाळीचं पीठ सोडवत नाही. "आमची पोरं ह्यावरच वाढली ना!" वाढली खरी. त्यातल्या एकाला, म्हणजे बाळाच्या बाबांना, दमा होता, हे मी बोलले नाही.

स्टिरॉइडच्या बहुतेक मलमांना 2018 पासून डॉक्टरांची चिठ्ठी लागते. तरी कल्याणला एका दुकानदाराने मिश्र क्रीमची ट्यूब न विचारता पुढे केली. स्टिरॉइड, बुरशीचं औषध, जंतूंचं औषध, सगळं एकत्र, बाळाच्या गालाला! परत दिली. डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टिरॉइड मात्र लावते, सांगितलं तेवढेच दिवस. धास्तीने ते टाळलं तर खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात.

ठाण्याच्या आत्याने लोकरीची कुंची पाठवलीय. सुरेख विणलीय. बाहुलीला घालीन.