सब्ज्याचं बी

आमचं लोणी भापकर बारामतीच्या जिरायती पट्ट्यातलं. पावसाचा भरवसा नाही. तरी अम्मीच्या कबरीवर सब्जा हिरवा असावा, ही अब्बांची इच्छा.

रमजानमध्ये सरबतात, फालुद्यात घालतो तोच हा सब्जा. भिजताच बियांभोवती बुळबुळीत थर धरतो. मातीतही तो ओल टिकवतो. म्हणून बी खोल पुरू नये. भुसभुशीत मातीवर पसरावं, वर चिमूटभर माती भुरभुरावी, झारीनं हलकं पाणी द्यावं. उन्हाच्या उबेत आठवड्याभरात कोंब दिसतात.

बी धरलं की रोप वाळतं. वाळलेल्या मंजिऱ्या चोळून बी राखावं लागतं. मुलं आता पुण्यात असतात. यंदा निघताना त्यांच्या हाती मी बियांची पुडी दिली. अब्बा थकलेत, पुढच्या पावसाळ्यात पेरायला त्यांनीच यायचंय.