बंद पडलेली पेटी

घरातली एखादी वस्तू बंद पडली की ती का बंद पडली हे कोणी विचारत नाही. "किती जुनी झाली!" म्हणतात आणि भंगारवाल्याला हाक मारतात. आमच्या वस्तीतल्या काकूंकडची व्हिडिओ गेमची पेटी अशीच जाणार होती.

1990 च्या दशकात रुपयाचे नाणे टाकून खेळायच्या या पेट्या मुंबईत गल्लोगल्ली होत्या. काकूंच्या पेटीत 'स्ट्रीट फायटर-2' होता, कॅपकॉम या जपानी कंपनीचा 1991 चा खेळ. काकांनी त्या पेटीवर दुकान चालवले, तीन लेकरे शिकवली. काका गेले, घरोघरी संगणक आणि हातोहाती मोबाइल आले. पेटी कोपऱ्यात बंद राहिली. धाकटीची नर्सिंगची फी भरायची होती. भंगारवाला लाकूड-लोखंडाचा भाव सांगून गेला होता, रविवारी नेणार होता. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी मात्र म्हणाला होता, चालू करून द्या, चौपट देतो.

शुक्रवारी काकू आमच्याकडे आल्या. "भाऊ, तुमच्या ओळखीचं कोणी आहे का बघा ना." आम्ही टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मामांना गाठले. काकूंचा पुतण्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, तोही आला. आम्ही पडलो हिशेबातले माणूस, म्हणून आमच्याकडे वही आली. काय तपासले, काय आढळले, ते लिहायचे.

पुतण्या मागची फळी काढून आत हात घालणार, तोच मामा ओरडले, "थांब! प्लग काढला तरी ट्यूब मेलेली नसते रे." पिक्चर ट्यूबला वीसेक हजार व्होल्ट दाब लागतो आणि वीज बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. तिचा साठा रिकामा करणे हे जाणकाराचेच काम. मामांनी ते केले आणि मगच पोराला जवळ येऊ दिले.

पुढचे काम आम्हाला ओळखीचे वाटले. तेरीज जुळली नाही की आम्ही सगळी खतावणी फाडत नाही, पहिल्या नोंदीपासून एकेक टिक मारीत जातो. मामाही तसेच गेले. भिंतीतला प्लग, ठीक. दोरीची वायर, ठीक. फ्यूज, गेलेला. शेजारचा एक जण म्हणाला, "चांदी गुंडाळा, चालेल." मामांनी त्याला बाजूला केले. फ्यूज जातो तो पुढचे जळू नये म्हणून. चांदी लावली तर फ्यूजऐवजी घर जळते. पुढे कुठे शॉर्ट आहे का ते पाहून त्याच अँपिअरचा नवा फ्यूज घातला.

वरची नळी पेटली, पडदा मात्र काळाच. आता पॉवर सप्लाय. 230 व्होल्टचे 5 आणि 12 व्होल्ट करणारा हा डबा. खेळाच्या बोर्डाला पाचच्या आसपास, 4.75 ते 5.25 एवढे व्होल्ट लागतात. मीटर बोर्डापाशी लावला, 4.3. डब्यातले कपॅसिटर फुगलेले होते. शनिवारी पुतण्या लॅमिंग्टन रोडला जाऊन नवा डबा घेऊन आला. बोर्ड जोडलेला ठेवूनच मामांनी डब्यावरचा स्क्रू हळूहळू फिरवला आणि काटा पाचवर आणला.

पडदा उजळला, पण त्यावर नुसत्या रंगीत चौकटी. काकू म्हणाल्या, "राहू द्या आता." मामा म्हणाले, "अहो वहिनी, उजेड आला म्हणजे निम्मं काम झालं." वीज बंद करून त्यांनी बोर्ड काढला. त्याच्या कडेला तांब्याचे दात असतात, एका बाजूला 28, दुसऱ्या बाजूला 28. ही जोडणी जपानमध्ये 1985 च्या सुमारास ठरली. त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसतो. ते दात काळे पडले होते. पुतण्याने शाळेच्या खोडरबराने एकेक दात घासला, स्पिरिटने पुसला, सॉकेटमधल्या चिपा दाबून बसवल्या. बोर्ड उलटा बसला तर जळू शकतो, म्हणून मामांनी बाजू दोनदा पाहिली.

स्विच दाबला. गर्दीसमोर मारामारी करणारे ते दोन गडी पडद्यावर आले. काकू काही बोलल्या नाहीत. पदराने काचेवरची धूळ पुसत राहिल्या.

रविवारी भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. संध्याकाळभर वस्तीतली पोरे पेटीला लोंबकळत होती. सोमवारी व्यापाऱ्याने ती नेली, ठरलेले पैसे दिले आणि धाकटीची फी भरली गेली. पुतण्याला त्याने आणखी एक बंद पेटी पाहायला बोलावले आहे. आमची वही आता त्याच्याकडे आहे.

वाचकहो, घरात आयटीआयला जाणारे पोर असेल तर त्याला एक मीटर घेऊन द्या. बंद वस्तू उघडण्याआधी प्लग काढायला सांगा, ट्यूबचे काम जाणत्यावर सोपवायला सांगा आणि प्लगपासून एकेक तपासत, लिहून ठेवत जायला शिकवा. भंगारवाल्याला हाक मारायची ती त्यानंतर.