मुद्रिकेची दुसरी बाजू

एकाच वाद्यवृंदाचे दोन चाहते प्रथम भेटतात, तेव्हा सुरुवातीची काही मिनिटे परस्परांना मान डोलावण्यात जातात. दोघांच्याही घरी त्याच ध्वनिमुद्रिका असतात आणि दोघांनाही त्याच चाली मुखोद्गत असतात. मग त्यांतला एक जण सहज म्हणतो, की अमुक गाण्याचा लोकांनी उगीच बोलबाला करून ठेवला आहे. त्या क्षणी खरे संभाषण सुरू होते. दुसऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. तो त्या गाण्याचा कैवार घेतो, किंवा प्रत्युत्तरादाखल विस्मृतीत गेलेल्या एखाद्या गाण्याचे नाव उच्चारतो. ही देवघेव तासन्‌तास चालते आणि तिचा निकाल कधीच लागत नाही. त्रयस्थाला ती पोरकट वाटण्याचा संभव आहे. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ती परकी वाटू नये. कोणाचा गौरव वाजवीपेक्षा अधिक झाला आणि कोणाची उपेक्षा झाली, हा प्रश्न वाङ्मयेतिहास पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आला आहे. आदिकवीने ऊर्मिलेला न्याय दिला नाही, ही रवींद्रनाथांची 'काव्येर उपेक्षिता' या निबंधातील तक्रारदेखील, एका अर्थी, अशाच एका निस्सीम वाचकाची तक्रार आहे.

इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरातून आलेला 'द बीटल्स' हा रॉक बँड म्हणजे अशा वादांचे माहेरघर. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांची पहिली मुद्रिका १९६२ च्या ऑक्टोबरात निघाली आणि १९७० मध्ये हा वाद्यवृंद दुभंगला. एवढ्या अल्पावधीत त्यांनी सुमारे दोनशे गाणी ध्वनिमुद्रित केली. पुढे १९९५, १९९६ आणि २०२३ साली लेननच्या जुन्या मुद्रणांवरून सिद्ध केलेल्या तीन गाण्यांची त्यांत भर पडली. परंतु एरवी हे भांडार बंद झालेले आहे. नवे काही यायचे उरले नाही, म्हणजे जे आहे त्याचीच पुनःपुन्हा मोजदाद करणे ओघाने आले. अर्धशतकाहून अधिक काळ ती चालू आहे.

या मोजदादीत 'अतिगौरवित' म्हणून पहिला आरोप सामान्यतः 'यस्टरडे' या गाण्यावर ठेवला जातो. मॅकार्टनीला त्याची चाल आधी सुचली आणि चाल हातची निसटू नये म्हणून त्याने तिच्यावर अंड्यांविषयीचे काही निरर्थक शब्द बसवून ठेवले होते, ही कथा सुपरिचित आहे. १९६५ च्या जूनमध्ये त्याने ते एकट्याने गिटारवर गायिले आणि पार्श्वभूमीला चार तंतुवाद्ये वाजली. इतर तिघांचा त्यात सहभाग नाही. आरोप करणाऱ्यांचे म्हणणे असे, की हे गाणे बँडचे नव्हेच. त्यातील विषाद गोड आहे आणि गोड असल्यामुळे सुरक्षित आहे. शिवाय असंख्य गायकांनी ते पुन्हा गाऊन इतके गुळगुळीत केले, की त्याला धार उरलेली नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु हा आरोप नेमका कोणावर आहे? ते गाणे प्रथम ज्या 'हेल्प!' या अल्बममध्ये आले, त्यात ते दुसऱ्या बाजूला शेवटून दुसरे होते आणि त्याच्या पाठोपाठ आरडाओरड करणारे एक जुने रॉक अँड रोल गाणे होते. ब्रिटनमध्ये त्याची स्वतंत्र मुद्रिका १९७६ पर्यंत निघालीही नाही. त्या कोपऱ्यात, दोन गलबल्यांच्या मधोमध, व्हायोलिनचे स्वर ऐकून १९६५ चा श्रोता चकित झाला असेल. ते आश्चर्य आजच्या श्रोत्याला मिळणे शक्य नाही. त्याच्या कानी मूळ गाण्याआधी त्याचे हजार प्रतिध्वनी येऊन गेलेले असतात. म्हणजे 'अतिगौरवित' हे विशेषण गाण्याला लावलेले दिसत असले, तरी त्याचा रोख गाण्याच्या कीर्तीवर असतो. ते म्हणणारा मनुष्य वस्तुतः गाण्याशी भांडत नाही. आपल्या आधी ते ऐकून गेलेल्या समुदायाशी भांडतो.

उपेक्षेचे गणितही असेच बाह्य कारणांत गुंतलेले आहे. १९६६ चा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम ब्रिटनमध्ये चौदा गाण्यांचा होता. अमेरिकेतील कंपनीने त्यातली तीन गाणी आधीच दुसऱ्या एका अल्बममध्ये वापरून टाकली असल्यामुळे तेथे तो अकरा गाण्यांचा निघाला. गळलेली तिन्ही गाणी मुख्यतः लेननची होती. त्यामुळे लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या चाहत्याने एकाच नावाची तबकडी विकत घेतली, तरी दोघांनी दोन वेगळे लेनन ऐकले. पुढे हे दोघे समोरासमोर आले असते आणि या अल्बमवर लेननची छाप किती, यावर वाद घालू लागले असते, तर दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते असे म्हणावे लागले असते. १९८७ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क निघाल्या, तेव्हा ब्रिटिश आवृत्ती सर्वत्र प्रमाण मानली गेली. तोवर दोन दशके अभिरुचीचा एक मतभेद केवळ व्यापाऱ्याच्या सोयीतून पोसला गेला होता. ग्रंथांच्या पाठभेदांशी परिचय असलेल्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही.

त्या काळी ब्रिटनमध्ये आणखी एक प्रघात होता. दोन गाण्यांची लहान मुद्रिका निघाली, की ती गाणी बहुधा अल्बममध्ये घेत नसत. मुद्रिकेच्या पहिल्या बाजूचे गाणे आकाशवाणीवर वाजे. दुसऱ्या बाजूचे गाणे, ज्याने मुद्रिका उलटवून पाहिली त्याच्यापुरते राही. 'पेपरबॅक रायटर'च्या पाठीवर १९६६ साली निघालेले 'रेन' हे गाणे असेच राहिले. त्याचा ताल जलद वाजवून मग फीत मंद केलेली आहे, अखेरीस लेननचा आवाज उलटा फिरतो आणि रिंगो स्टार स्वतःचे सर्वोत्तम ड्रमवादन म्हणून त्याकडेच बोट दाखवीत आला. याउलट लेननने आपले 'अँड युअर बर्ड कॅन सिंग' हे गाणे पुढे टाकाऊ ठरविले, तर चाहत्यांनी त्यातील दोन गिटारींच्या जोडगतीसाठी ते उराशी धरले. कर्त्याचा शब्दही या न्यायालयात अखेरचा मानला जात नाही, तो एक साक्षीदार ठरतो. काळ तर निकाल साफ उलटवतो. हॅरिसनने १९६९ च्या वसंतात एका मित्राच्या बागेत बसून रचलेले 'हिअर कम्स द सन' हे गाणे त्या वर्षी ब्रिटनमध्ये मुद्रिका म्हणूनही निघाले नव्हते. स्ट्रीमिंगच्या युगात या बँडच्या सर्व गाण्यांत तेच सर्वाधिक ऐकले गेले.

हॅरिसनचे नाव आले, की हा वाद कानांच्या संस्कारापर्यंत जाऊन पोहोचतो. लेनन आणि मॅकार्टनी या जोडीच्या रचनांनी अल्बम भरत. हॅरिसनच्या वाट्याला एखाददुसरी जागा येई. १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये त्याने सतार वाजविली. ते वादन पंडित रविशंकर यांना फारसे रुचले नव्हते; तरीही १९६६ मध्ये त्यांनी त्याला शिष्य म्हणून जवळ केले आणि त्याच वर्षी तो मुंबईत येऊन शिकला. या शिक्षणाचे फळ म्हणजे १९६७ च्या 'सार्जंट पेपर्स' अल्बममधील 'विदिन यू विदाउट यू'. हे गाणे पाच मिनिटांचे आहे. ते खमाज थाटाच्या स्वरांत चालते, मधल्या वाद्यखंडात तबला त्रितालावरून झपतालावर येतो आणि दिलरुब्यांच्या संवादाला आठ व्हायोलिने व तीन चेलो उत्तर देतात. हॅरिसनखेरीज बँडमधला कोणीही त्यात वाजवीत नाही.

अनेक चाहत्यांनी हे गाणे वर्षानुवर्षे ओलांडले. ते तबकडीच्या दुसऱ्या बाजूचे पहिलेच गाणे होते, म्हणून ओलांडणेही सोपे होते. सुई थोडी आत ठेवली की झाले. त्यांची तक्रार प्रामाणिक होती. ज्याच्या कानाला स्वरसंघात बदलत राहण्याची सवय आहे, त्याला एकाच षड्जावर स्थिरावलेले पाच मिनिटांचे गाणे जागच्या जागी उभे आहे असे वाटते. ज्याला तानपुऱ्याची सवय आहे, त्याला ते उभे असलेलेच हवे असते, कारण त्या स्थिर जमिनीवरच स्वरांची हालचाल दिसते. येथे गाण्याचा दर्जा बाजूला राहतो आणि ऐकणे म्हणजे काय, हाच प्रश्न उभा राहतो. अर्थात भारतीय श्रोत्यालाही येथे सावध राहावे लागते. आपली वाद्ये वाजली म्हणून गाणे थोर, हे मोजमाप पहिल्याइतकेच खोटे आहे. कसलेल्या श्रोत्याला त्यातील आलापी तोकडी वाटू शकते, आणि तोही रास्त आक्षेप आहे. तरीदेखील चोवीस वर्षांच्या एका तरुणाने, जगातील सर्वांत लोकप्रिय बँडच्या सर्वांत प्रतीक्षित तबकडीवर, आपल्या श्रोत्यांना न मानवणारी शांतता मागितली, ही गोष्ट उरतेच. गाण्याच्या शेवटी त्याने हास्याचा एक कल्लोळ ठेवला आहे. तो ऐकणाऱ्यांना उद्देशून आहे की स्वतःला, यावरही चाहत्यांत दुमत आहे.

याहूनही अधिक दुर्लक्षित राहिले ते 'दि इनर लाइट'. १९६८ च्या जानेवारीत हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. तेथील एच. एम. व्ही.च्या स्टुडिओत, सरोद, बासरी, पखवाज अशी वाद्ये वाजविणाऱ्या हिंदुस्थानी कलावंतांकडून त्याने या गाण्याचे वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित करून घेतले. शब्दांची कल्पना केंब्रिज येथील संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांच्या पत्रातून आली होती. भगवद्गीतेचे आणि उपनिषदांचे हे भाषांतरकार हॅरिसनला चिनी 'ताओ ते चिंग'मधील एक कविता सुचवितात, तो ती मुंबईच्या वाद्यांवर बसवितो आणि फेब्रुवारीत लंडनला परतून, स्वर उंच लागतो म्हणून बिचकत, सहकाऱ्यांनी धीर दिल्यावर गातो. अडीच मिनिटांच्या एका गाण्यात इतके प्रदेश क्वचितच एकत्र आले असतील. त्या मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या दुसऱ्या बाजूला निघाले. बँडच्या मुद्रिकेवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. त्यानंतर दशकभर ब्रिटनमधील कोणत्याही अल्बममध्ये तिला जागा मिळाली नाही. २००२ च्या नोव्हेंबरात, हॅरिसनच्या प्रथम स्मृतिदिनी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अनुष्का शंकर यांच्या सतारीच्या साथीने ते गाणे पुन्हा गायिले गेले, तेव्हा अनेकांना ते जणू प्रथमच ऐकू आले.

चाहत्यांच्या या वादात दोष नाहीत असे नाही. उपेक्षिताचा कैवार हा कित्येकदा स्वतःच्या रसिकतेचा डौल असतो. जे गाणे फार थोड्यांना ठाऊक, त्याची महती सांगणारा आपले वेगळेपणही सांगून घेतो. त्यातून गंमत अशी घडते, की 'रेन'सारखे गाणे उपेक्षित म्हणून इतक्या वेळा पुढे केले जाते, की त्याची उपेक्षा संपून कितीतरी वर्षे लोटली तरी विशेषण मात्र चिकटून राहते. उद्याचा एखादा तरुण चाहता ते अतिगौरवित आहे असे म्हणेल आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होईल. साहित्यविश्वातही पुनर्मूल्यांकनाची चाके अशीच फिरतात.

परंतु या उलाढालीत कधी कधी एक खरे काम होऊन जाते. 'विदिन यू विदाउट यू' ओलांडू नका, नीट ऐका, असा आग्रह काही जणांनी धरला. जो नीट ऐकतो तो कधीतरी विचारतोच, की हा दिलरुबा कोणाचा? तबकडीच्या वेष्टनावर याचे उत्तर नव्हते. ज्या वेष्टनावर जगभरच्या प्रसिद्ध व्यक्तींचे चेहरे दाटीवाटीने उभे होते, त्यावर लंडनमध्ये राहणाऱ्या त्या भारतीय वादकांच्या नावांना जागा मिळालेली नव्हती. अल्बमला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१७ साली, अभ्यासकांच्या शोधातून ती नावे प्रकाशात आली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर होते, तानपुऱ्यावर बुद्धदेव कंसारा आणि तबल्यावर नटवर सोनी.

गाण्यांच्या प्रतवारीत या चौघांना कोठे बसवावे, याची सोय चाहत्यांच्या यादीत नाही. यादी गाण्यांची असते, वाजविणाऱ्या हातांची नसते. तरी त्या नावांकडे जाणारी वाट एका न आवडलेल्या गाण्यावरून गेली, आणि ते गाणे सोडून द्यायला तयार नसलेल्या मोजक्या हट्टी माणसांनी ती उघडी ठेवली. आता ते गाणे लागले, की सुई पुढे ढकलणारा श्रोताही क्षणभर थांबेल. निदान कोणाचे वादन आपण ओलांडतो आहोत, हे त्याला ठाऊक असेल.