मधली पेटी

गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यानें घरीं ‘होम थिएटर’ आणलें. आणलें म्हणजे स्पीकरच्या पांच लहान पेट्या, लाकडी ठोकळ्यासारखी एक थोरली पेटी, या सर्वांस हुकूम सोडणारें एक यंत्र आणि तारांचें भेंडोळें, एवढें सामान एके सकाळीं आमच्या माजघरांत येऊन पडलें. ‘काका, यास फाइव्ह पॉइंट वन म्हणतात,’ तो म्हणाला. पांच म्हणजे त्या लहान पेट्या, आणि पुढला दशांश म्हणजे केवळ खर्जाचे ध्वनि काढणारी ती थोरली पेटी. गणिताचे मास्तर रजेवर असले म्हणजे आम्हीं संस्कृताचा तास सोडून दशांशही शिकविले आहेत. पण सर्वांत थोरल्या पेटीस दहावा भाग म्हणून मोजण्याची ही रीत आम्हांस नवी होती.

पेट्या कोठें ठेवावयाच्या याचें शास्त्र मात्र आम्हांस मनापासून आवडलें. पडद्याकडे तोंड करून बसणाराच्या नाकासमोरची रेघ ती शून्य अंश. मधली पेटी त्या रेघेवर, पडद्याखालीं. डावी व उजवी तिच्या दोहों अंगांस ३० अंशांवर. मागल्या दोन ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित् मागें, आणि कानांहून दोनएक फूट उंच. पुतण्या मोबाइलवर कोन मोजूं पाहत होता; आम्हीं सुतळी घेतली. सारख्या लांबीच्या तीन सुतळ्या ताणल्या कीं समभुज त्रिकोण होतो, आणि त्याच्या एका कोपऱ्यांत माणूस बसविला कीं उरलेल्या दोन कोपऱ्यांवर डावी-उजवी पेटी आपोआप ३० अंशांवर येते. यज्ञवेदी आंखणाऱ्या शुल्बसूत्रकारांजवळ तरी दुसरें काय साधन होतें? शुल्ब म्हणजे दोरीच.

परंतु अकरा माणसांच्या घरांत नाक कोणाचें धरावयाचें? पुतण्या विनयानें म्हणाला, ‘काका, तुमचेंच.’ आम्हीं तें निःसंकोचपणें मान्य केलें. घरांत आमच्याहून वडील असे दादा आहेत, हें त्या क्षणीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं. पुतण्याच्याही आलें नाहीं, आणि तो तर दादांचाच मुलगा. याला कारण होतें. आमच्या या थोरल्या बंधूंनीं संध्याकाळीं माजघरांत येऊन बसणें तीन वर्षांपूर्वींच सोडलें होतें. ‘तुमचें चालूं द्या,’ म्हणत ते ज्ञानेश्वरी घेऊन आपल्या खोलींत जात. एक्याऐंशीव्या वर्षीं ही विरक्ति कशी शोभून दिसते, असें आम्ही आल्यागेल्यासही सांगत असूं.

थोरल्या पेटीची जागा ठरविण्याची युक्ति मोठी गमतीची आहे. ती पेटी माणसाच्या जागीं, खुर्चीजवळ ठेवावयाची, खर्जाचें एखादें वाद्य लावावयाचें, आणि आपण भिंतीच्या कडेकडेनें रांगत जावयाचें. जेथें खर्ज फाजील घुमत नाहीं व नाहींसाही होत नाहीं, ती पेटीची खरी जागा. आमच्या गुडघ्यांनीं नकार दिल्यामुळें हें काम नातवाकडे गेलें. वहिनी स्वयंपाकघरांतून डोकावून म्हणाल्या, ‘काय हरवलें रे?’

मागल्या पेट्या खुर्चीपासून पांच फुटांवर होत्या, पुढल्या नऊ फुटांवर. ध्वनि सेकंदास सुमारें ११२५ फूट जातो. तेव्हां मागला आवाज सेकंदाच्या साडेतीन सहस्रांशांनीं आधीं पोंचणार. हीं अंतरें यंत्रास सांगितलीं कीं जवळच्या पेटीस तें तेवढें थांबवून धरतें.

पहिल्या संध्याकाळीं पाऊस मागून पडला, घोडे डावीकडून उजवीकडे गेले, मुलें टाळ्या पिटूं लागलीं. मग पात्रें बोलूं लागलीं, आणि आमच्या ध्यानांत आलें कीं आम्हांस, खुद्द नाकवाल्यास, निम्मे शब्द कळत नाहींत. ‘दादा येत नाहींत तें बरें,’ आम्ही थट्टेनें म्हणालों, ‘त्यांच्या विरक्तीस हा गलका सोसला नसता.’ वहिनी तेथेंच वाती वळीत बसल्या होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, ‘विरक्ति कसली, भाऊजी! त्यांना शब्द कळत नाहींत. पुन्हां पुन्हां विचारायची लाज वाटते.’

साठ वर्षांपूर्वीं याच माजघरांत आम्ही रूपावली घोकीत असतां, ओसरीवर हिशेब लिहीत बसलेल्या दादांस आमचा गळालेला एक विसर्ग ऐकूं येई, व ते तेथूनच तो भरून काढीत. त्याच दादांशीं अलीकडे आम्ही वर्गांतल्या आवाजांत ओरडून बोलत होतों, आणि ते ‘बरें, बरें’ म्हणाले कीं त्यांस समजलें असें धरून चालत होतों.

वयपरत्वें कानाची शक्ति जाते ती प्रथम वरच्या पट्टीची. स्वरांचें बळ बहुतांशीं खालच्या पट्टींत, ते टिकतात. स, श, त, फ अशीं व्यंजनें वरच्या पट्टींत, तीं गळतात. म्हणून अशा माणसास बोलणें ऐकूं येतें आणि कळत नाहीं. ओरडल्यानें स्वर तेवढे फुगतात. व्याकरणाच्या मास्तरास हें साठी उलटल्यावर उमगावें! आणखी असें कीं, वरच्या पट्टीचा ध्वनि बराचसा सरळ जातो. खर्जाप्रमाणें कोपरे वळून येत नाहीं. आम्हीं तर शोभेसाठीं मधली पेटी कपाटाच्या खालच्या कप्प्यांत अगदीं आंत ढकलली होती, तोंड आमच्या गुडघ्यांकडे. चित्रपटांतलें संभाषण बहुतेक सारें त्या एका पेटींतून येतें. तेव्हां पाऊस आणि घोडे कानांस, व व्यंजनें गुडघ्यांस, अशी वांटणी झाली होती. नाट्यगृह फार मोठें असूं नये, नाहींतर पाठ्य अस्पष्ट होतें, म्हणून ६४ हात लांब व ३२ हात रुंद असें मध्यम माप भरतमुनींनीं पसंत केलें, हें वाचतांना आम्हीं कितीदां तरी मान डोलविली होती.

दुसऱ्या दिवशीं मधली पेटी कप्प्याच्या अगदीं कांठाशीं ओढली, पुढून खालीं पाचर देऊन तिचें तोंड बसणाराच्या कानांकडे उचललें, आणि एकट्या तिचाच आवाज तीन डेसिबलांनीं वाढविला. शहाबादी फरशीवरून व उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज शब्दांवर शब्द चढवितो. म्हणून सतरंजी घातली, आणि वहिनींनीं आपली जाड गोधडी बाजूच्या भिंतीस टांगूं दिली. (पाहुणे आले कीं ती काढावयाची, या अटीवर.) शेवटीं सुतळी पुन्हां ताणली, या वेळीं दादांच्या खुर्चीपासून.

दादा येईनात. ‘मला काय कळणार त्यांतलें,’ म्हणाले. तेव्हां पुतण्यानें प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लावला आणि दादांच्या खोलीचें दार उघडें ठेविलें. थोड्या वेळानें दादा उंबऱ्याशीं येऊन उभे राहिले. मग आमच्याकडे न पाहतां खुर्चीवर बसले. जिजाई तुकोबांस फटकारूं लागली आणि दादा हंसले. आमच्यापैकीं कोणी हंसण्यापूर्वीं हंसले. कदाचित् पूर्वीं पाहिलेला प्रसंग त्यांस आठवतही असेल. आम्हीं विचारलें नाहीं. वहिनींच्या हातांतली वात तशीच राहिली होती.

पुतण्या मात्र अस्वस्थ. तो या मागल्या पेटीस कान लावी, मग त्या. त्या चित्रपटांत ध्वनीचा प्रवाह एकच. यंत्रानें तो सारा मधल्या पेटीकडे सोडला होता, आणि बाजूच्या व मागल्या चारही गप्प होत्या. ‘काका,’ तो न राहवून मोठ्यानें म्हणाला, ‘एवढ्या पेट्या उगीच आणल्या कीं!’

‘बोलूं नकोस,’ दादा म्हणाले, ‘ऐकूं दे.’