व्यापाऱ्यांचे शहर फ्लॉरेन्स

आपल्या समाजातील कुटुंबे आता युरोपच्या सहलीला मोठ्या उत्साहाने जातात. बारा-पंधरा दिवसांच्या त्या सहलीत इटलीच्या वाट्याला तीन-चार दिवस येतात आणि त्यांतला जेमतेम अर्धा दिवस फ्लॉरेन्सला मिळतो. बसमधून उतरायचे, कॅथेड्रलचा तांबडा घुमट पाहायचा, डेव्हिडच्या प्रतिकृतीसमोर छायाचित्र काढायचे, जुन्या पुलावर एक फेरी मारायची आणि पुन्हा बसमध्ये बसायचे. चित्र-शिल्पांचे शहर अशी ख्याती असल्याने, कलेची विशेष जाण नसलेल्या प्रवाशाला तेवढे पुरेसेही वाटते. परंतु ज्यांच्या घरी दोन-तीन पिढ्या पेढी चालली आहे, त्यांनी या शहरात निदान तीन दिवस राहावे असे मला वाटते. लोकर, रेशीम, सोने आणि हुंड्या यांचा व्यवहार करणाऱ्या माणसांनी या शहराचे वैभव उभे केले. त्यांच्या वह्या, त्यांची पत आणि त्यांचा दानधर्म यांच्या खुणा रस्तोरस्ती दिसतात.

जुने शहर लहान आहे. सांता मारिया नोव्हेल्ला रेल्वे स्थानकापासून कॅथेड्रलपर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि पाहण्याजोगी बहुतेक ठिकाणे चालत गाठता येतात. मार्गदर्शकासह दोन-तीन तासांच्या पायी फेऱ्या होतात. त्यांत चित्रकलेची, मेदिची घराण्याची, कारागिरांच्या वस्तीची अशा वेगवेगळ्या फेऱ्या असतात. आम्ही मार्गदर्शकाला आधीच सांगितले होते की, आम्हाला व्यापाऱ्यांचे फ्लॉरेन्स पाहावयाचे आहे.

आरंभ नाण्यापासून करावा. १२५२ साली या शहराने ‘फ्लोरिन’ हे शुद्ध सोन्याचे, सुमारे साडेतीन ग्रॅम वजनाचे नाणे पाडले. त्याच्या एका बाजूस लिलीचे फूल आणि दुसऱ्या बाजूस संत जॉन. पुढे पावणेतीनशेहून अधिक वर्षे त्या नाण्याचे वजन आणि कस जवळजवळ तसाच राहिला. म्हणूनच ते युरोपभर विश्वासाने स्वीकारले जाई. सराफांचे येथे स्वतंत्र महाजन होते. सराफ बाजारात बाक मांडून, पुढ्यात वही आणि नाण्यांची थैली घेऊन बसत. बाकाला इटालियन भाषेत ‘बांको’ म्हणतात. ‘बँक’ हा शब्द त्यावरूनच आला. ज्या शब्दावर माझी सारी नोकरी झाली, त्याचे मूळ एका लाकडी बाकात आहे, हे तेथे उभे राहून आठवणे निराळेच होते.

‘नवा बाजार’ या नावाचा एक छत असलेला चौक आहे. ब्रॉन्झच्या रानडुकराच्या नाकाला हात लावण्यासाठी प्रवासी तेथे गर्दी करतात. त्याच छताखाली, जमिनीच्या मधोमध, संगमरवराचे एक चक्र बसवलेले आहे. दिवसा ते दुकानांखाली झाकलेले असते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी दुकाने आवरल्यावर पाहावे. दिवाळे काढलेल्या व्यापाऱ्याला त्या जागी आणून, वस्त्र उतरवून, सर्वांसमक्ष त्या दगडावर बसवून आपटत असत. पैशाच्या नुकसानीपेक्षा पत गेल्याची शिक्षा मोठी होती. पत जाणे म्हणजे काय, हे आपल्या बाजारपेठेला समजावून सांगावे लागत नाही.

या शहराने मोठी दिवाळीही पाहिली आहेत. बार्दी आणि पेरुत्सी या त्या काळच्या सर्वांत मोठ्या पेढ्या १३४० च्या दशकात बुडाल्या. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याला युद्धासाठी दिलेले अफाट कर्ज परत न येणे हे त्यामागील एक मोठे कारण होते. मेदिची घराण्याची पेढी १३९७ साली सुरू झाली आणि १४९४ साली संपली. चर्चने व्याजाला बंदी केलेली असल्यामुळे या पेढ्या आपला नफा बहुतांशी परगावच्या हुंड्यांतील चलन-दरांच्या फरकातून मिळवीत. एका गावी पैसे भरावे, दुसऱ्या गावी ठरलेल्या मुदतीने दुसऱ्या चलनात घ्यावेत, ही पद्धत आपल्या हुंडीशी बरीच मिळतीजुळती आहे.

या शहराच्या हिशेबात भारताचाही वाटा आहे. पिसा येथील लिओनार्दो फिबोनाची याने १२०२ साली लिहिलेल्या ग्रंथात भारतीय नऊ अंक आणि शून्य यांनी व्यापारी गणित कसे करावे, हे शिकवले. आपण या आकड्यांना कितीही सहज मानत असलो, तरी १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफ महाजनाने आपल्या सभासदांना वह्यांत हे नवे आकडे लिहिण्यास मनाई केली होती. रकमा रोमन आकड्यांत वा अक्षरी लिहाव्यात असा दंडक होता. अखेर सोय जिंकली. याच तोस्काना प्रांतात जन्मलेल्या लुका पाचोली या गणिती साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीची रीतसर मांडणी केली. ती पद्धत त्याने शोधली नव्हती; व्यापारी आधीपासून ती वापरत होते.

मला सर्वांत जवळचे वाटले ते त्या वह्यांतील एक खाते. फ्लॉरेन्सच्या मोठ्या पेढ्यांत भागीदारांच्या नावांबरोबर ईश्वराच्या नावाचे एक खाते असे. नफ्यातील त्याचा वाटा गरिबांना जाई. आपल्या वह्यांतील धर्मादा खाते याहून वेगळे काय आहे? सुमारे २० किलोमीटरवरील प्रातो गावचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी वहीच्या पहिल्या पानावर ईश्वर आणि नफा या दोघांचे नाव एकत्र घेई. दिवाळीच्या वहीपूजनात ‘शुभ-लाभ’ लिहून गौतमस्वामींच्या लब्धीचे स्मरण करणाऱ्या आपल्या घरांना त्यात काहीच परके वाटणार नाही. १४१० साली दातिनी वारला, तेव्हा त्याने आपली जवळजवळ सर्व संपत्ती प्रातोच्या गरिबांसाठी ठेवली. त्याची सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक वह्या आजही जतन केलेल्या आहेत.

दातिनीने फ्लॉरेन्समधील अनाथ बालकांसाठी १,००० फ्लोरिन वेगळे ठेवले होते. त्या देणगीतून आणि रेशीम महाजनाच्या पुढाकाराने ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती’ हे अनाथाश्रम उभे राहिले. त्याची रचना ब्रुनेलेस्की याने १४१९ साली हाती घेतली. कॅथेड्रलचा अजस्र घुमट बांधणारा हाच ब्रुनेलेस्की मूळचा सोनार होता. १४४५ साली आश्रम सुरू झाला. तेथील संग्रहालयात मातांनी मुलांच्या सोबत ठेवलेल्या खुणा पाहावयास मिळतात. कुठे अर्धे कापलेले पदक, कुठे मणी. दुसरा अर्धा तुकडा आईजवळ राही, म्हणजे कधी दिवस फिरले तर आपले मूल ओळखता यावे. आमच्या गटातील कोणीही त्या कपाटांसमोरून लवकर हलले नाही. त्या संस्थेचे बालकल्याणाचे काम आजही चालू आहे.

‘पोन्ते वेक्क्यो’ या जुन्या पुलावर आज ओळीने सोन्या-चांदीची दुकाने आहेत. पूर्वी तेथे खाटकांची दुकाने होती. १५९३ साली ड्यूक फेर्दिनान्दो याने त्यांना हटवून पूल सोनारांना दिला. कारण दुर्गंधीचे होते, जीवदयेचे नव्हते. तरीही पुलावरून चालताना मनाला बरे वाटते.

आता भोजनाचा विषय. निघण्यापूर्वी घरात यावर बरीच चर्चा झाली होती. मुलाचे म्हणणे असे, “पप्पा, चार दिवसांचाच प्रश्न आहे. थोडे चालवून घ्यावे लागेल.” सौभाग्यवतींचे कंदमूळ सुटून अनेक वर्षे झाली आहेत आणि चौविहारही आहे. सूनबाईंना तेथील पाककलेचा वर्ग करावयाचा होता. अखेर त्यांनीच महिनाभर आधी पत्रव्यवहार करून फक्त आमच्या कुटुंबासाठी वर्ग ठरवला आणि काय चालत नाही याची यादी इटालियन भाषेत पाठवली.

ही यादी नीट करणे आवश्यक असते. तेथील बहुतेक रश्शांचा आरंभ कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून तेलात परतण्यापासून होतो. सूप आणि रिसोत्तोमध्ये मांसाचे पाणी असू शकते. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. सुका पास्ता मात्र सामान्यतः रवा आणि पाणी यांचाच असतो. न्योक्की बटाट्याची. पार्मेसान चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजतात, म्हणून ते ‘शाकाहारी’ या शब्दाखाली खपून जाते, पण आपल्याला चालत नाही. पान्ना कोत्तात जिलेटिन, तिरामिसूत अंडे. ‘आल्केर्मेस’ या तांबड्या मद्याचा रंग पारंपरिक रीतीने कीटकांपासून काढलेला असतो. ते मिठाईत घालतात. ‘सेन्त्सा’ म्हणजे ‘शिवाय’ हा एक शब्द पाठ करावा. सेन्त्सा उओवा म्हणजे अंड्याशिवाय, सेन्त्सा चिपोल्ला म्हणजे कांद्याशिवाय, सेन्त्सा आल्यो म्हणजे लसणाशिवाय.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या घरातील होत्या. सकाळी त्या आम्हाला सांत अम्ब्रोज्योच्या बाजारात घेऊन गेल्या. तेथील भाजीवाले इमारतीच्या बाहेर बसतात आणि मांसाची दुकाने आत आहेत, त्यामुळे आत जाण्याची वेळ आली नाही. घरी आल्यावर त्यांनी यादी पुढे ठेवली आणि विचारले, “अंडे समजले. पण बटाटा तर भाजीच आहे. तो का नको?” मुलगा उत्तर जुळवू लागला, तोवर अकरा वर्षांच्या नातीने पाठशाळेत शिकलेले सांगून टाकले. जमिनीखालच्या कंदात असंख्य जीव असतात आणि कंद उपटला की झाडच जाते. फळ तोडले तर झाड राहते. बाईंनी तिचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, “माझ्या आजीच्या काळी शुक्रवारी आमच्याकडे मांस शिजत नसे. घरात नियम असला की स्वयंपाक विचार करून होतो.”

त्यांनी ‘पिची’ शिकवली. गव्हाचे पीठ, पाणी आणि थोडे ऑलिव्ह तेल एवढ्यावरच होणारा हा दक्षिण तोस्कानातील पास्ता. पीठ मळून, झाकून ठेवून, मग हाताने लांब वळायचा. सौभाग्यवतींनी आयुष्यभर शेवया वळलेल्या. त्यांचा हात पाहून बाईंनी शिकवणे थांबवले आणि स्वतःच पाहत राहिल्या. वर घालण्यासाठी चीज नव्हते. तेथील गरीब घरांतही चीज परवडत नसे, तेव्हा पावाचा चुरा तेलात खरपूस परतून पास्त्यावर घालीत. बाईंनी तेच केले. शिळे आपल्याला वर्ज्य असल्याने चुरा त्याच दिवशीच्या पावाचा घेतला. टोमॅटो, तुळशीच्या जातीचे बेझिल, परतलेली सेलरी आणि हा चुरा. मुलाने दोनदा वाढून घेतले. ‘चालवून घेण्याचा’ विषय त्यानंतर निघाला नाही. गोड म्हणून ‘कास्तान्याच्चो’ केले. त्यात चेस्टनटचे पीठ, पाणी, तेल, मनुका आणि चिलगोज्यांसारख्या बिया पडतात. अंडे नाही, साखरही नाही.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोड्या सूचना. जूनमध्ये तेथे सूर्यास्त रात्री नऊच्या सुमारास होतो, त्यामुळे साडेसात वाजता उपाहारगृह उघडल्यावरही चौविहार सांभाळता येतो. डिसेंबरमध्ये सूर्यास्त पावणेपाचच्या आधीच होतो. तेव्हा स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी. वर्गासाठी स्वतंत्र भांडी आणि पाट मागावेत. ट्रफल शोधण्याच्या सहली जमिनीखालच्या बुरशीच्या असतात आणि चामड्याच्या कार्यशाळाही आपल्यासाठी नाहीत. त्याऐवजी रंगीत दगड कापून चित्रे जडवणाऱ्या कारागिरांचे काम पाहावे. उफीत्सी आणि अकादेमिया ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. घुमटाच्या ४६३ पायऱ्यांना लिफ्ट नाही. ज्येष्ठांनी खालूनच दर्शन घ्यावे.

शेवटी एका पत्राविषयी. लिओनार्दो दा विन्ची या शहराजवळचा आणि येथेच शिकलेला. चरित्रकार वासारी लिहितो की, तो बाजारात पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन सोडून देई. १५१६ च्या सुमारास आंद्रेआ कोर्साली नावाच्या फ्लॉरेन्सवासी प्रवाशाने कोचीहून ज्युलियानो दे मेदिची याला पत्र पाठवले. त्यात त्याने गुजराती लोकांविषयी कळवले की, हे लोक रक्त असलेले काहीही खात नाहीत आणि कोणत्याही जीवाला इजा होऊ देत नाहीत, आपल्या लिओनार्दोप्रमाणेच. ते वर्णन वाचताना आपले पूर्वज डोळ्यांसमोर येतात. त्या प्रवाशाने त्यांच्या नियमाचे वर्णन करून आपल्या गावच्या सर्वांत बुद्धिमान माणसाशी त्यांची तुलना केली. ज्या शहरात आपली ओळख पाचशे वर्षांपूर्वी अशी पोहोचली, तेथे जाताना ती घरी ठेवून जाण्याचे काहीच कारण नाही.