दोन इंच वर

मल्लिकबाजारात गाडीचा कुठलाही सुटा भाग मिळतो असं कोलकात्यात म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. त्यामुळे लिफ्ट किट कुठे मिळेल, हे मला कुणी विचारत नाही. कशासाठी हवं ते मीच विचारतो, आणि बहुतेकांचं उत्तर एकच असतं: पाणी. पावसाळ्यात ठनठनिया, आमहर्स्ट स्ट्रीट हां हां म्हणता भरतात. गंगेला भरती असली की लॉकगेट बंद, मग पंप कितीही चालवा, पाणी हलत नाही. अशा वेळी आपली थार दोन इंच उंच असावी असं कुणालाही वाटेल.

थार 650 मिलिमीटर पाण्यातून जाते, असं कंपनीच सांगते. लिफ्ट घातली की दरवाजे, वायरिंग, हवा ओढायचं तोंड वर जातं, हे खरं. मागचा अॅक्सल मात्र चाकांना जखडलेला. तो होता तिथेच राहतो आणि डिफचं, म्हणजे डिफरन्शियलचं, पोटही. डिफ उचलायचा तर टायर मोठा हवा, आणि टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवला तरी डिफ एकच इंच वर येतो. लिफ्टचं मोठं काम म्हणजे त्या टायरला मडगार्डखाली जागा करून देणं. शिवाय चॅसीचं पोट आणि बंपर वर जातात, बांध ओलांडताना गाडी मध्येच टेकत नाही. जंगलात, नदीपात्रात जाणाऱ्याला याची किंमत कळते. पार्क सर्कसला जाणाऱ्याला कशाला?

पाण्याचीच भीती असेल तर मी आधी ब्रीदर बघतो. डिफला श्वास घ्यायला ही बारीक नळी असते. तापलेला डिफ पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरचं तोंड पाण्याखाली असेल तर तिथून पाणी ओढलं जातं. ते चिखलानं बुजलं असेल तर ऑइल सीलमधून. नंतर ड्रेन बोल्ट सोडावा, तर ऑइल लस्सीसारखं पांढुरकं बाहेर येतं. ब्रीदरला रबरी पाइप जोडून तोंड बॉनेटखाली उंच नेलं की हे टळतं. खर्च किरकोळ, पण रस्त्यावर दिसत नाही, म्हणून कुणी मागत नाही.

जिप्सीचं तंत्र वेगळं. तिचे पाटे अॅक्सलच्या खालून जातात. ते वर घेतले की गाडी चार-पाच इंच उठते. स्वस्तात रुबाब! मग प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो, क्रॉस लवकर जातात, ब्रेकचे होज ताणतात. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, तिथे सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो. रबरी बुटाच्या घडीवरून बोट फिरवलं की बारीक चीर हाताला लागते, आणि रिमच्या आतल्या अंगाला ग्रीसचे शिंतोडे. दोन इंचांपुढे मी जात नाही. मा फ्लायओव्हरच्या वळणावर गाडी किती कलते, ते मालकाला शेजारी बसवूनच दाखवतो.

कायद्याचंही सांगतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाबाहेर गाडी बदलू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा बजावलं. अपघात झाला तर विमावाले आधी तिकडेच बोट दाखवणार.

मानेभंजनहून संदकफूला, 3,636 मीटरवर, 1950 च्या दशकातल्या लँड रोव्हर वर्षानुवर्षं चढत आल्या. त्यातल्या एकीलाही लिफ्ट घातलेली मी पाहिली नाही. आखूड, हलक्या गाड्या, आणि दगड बघून चाक टाकणारा ड्रायव्हर.

हे सगळं बडाबाजारातल्या एका गलाईवाल्या शेठना ऐकवलं. मूळचे विट्याचे. सगळं ऐकून म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या वो, तीन इंच टाका!" घासाघीस होऊन दोनावर आले. आठवड्यात परत हजर: काकूंना नऊवारीत गाडीत चढता येईना. मग कंपनीच्या पायरीखाली आणखी एक लोखंडी पायरी वेल्ड करून दिली. टेप लावून पाहिलं, तर बाजूनं गाडी आता आधीपेक्षा इंचभर खालीच आली होती. शेठ खूश होते.