रायगडची जोखीम, वाडीवाडीने

रायगड जिल्ह्याला समुद्र, खाड्या आणि सह्याद्रीचे कडे तिन्ही लाभले आहेत. साहजिकच चक्रीवादळ, पूर आणि दरड या तिन्ही आपत्ती इथे आल्याच. जोखीम मोजताना आपत्ती किती वेळा आणि किती जोराने येते हे आधी पाहतात. मग तिच्या वाटेत माणसे, घरे, बागा, कारखाने किती आहेत आणि त्यांची सोसण्याची ताकद किती, याचा हिशेब मांडतात. पाऊस-वाऱ्याच्या नोंदी बऱ्यापैकी मिळतात. गफलत होते ती पुढच्या हिशेबात.

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. इशारा आधीच मिळाल्याने माणसे हलवता आली आणि जीवितहानी थोडी झाली. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या मात्र आडव्या झाल्या. सुपारीचे नवे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे जातात. केवळ मृतांचा आकडा धरला, तर हे नुकसान कागदावर दिसतच नाही.

महाडच्या पुराचा हिशेब जिल्ह्याच्या हद्दीत मावत नाही. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्ह्यात. जुलै २०२१ मध्ये तिथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यातच पौर्णिमा तोंडावर आलेली, खाडीला उधाण. वरून लोंढा आणि खालून भरती अशा कात्रीत बाजारपेठ बुडाली. महाडच्या एकट्या पर्जन्यमापकाकडे पाहून हे कळणे शक्य नव्हते. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, तेव्हा पुराच्या पाण्याबरोबर काय वाहून येऊ शकते, हेही तपासावे लागते.

पूररेषांचा अर्थही नीट लावला पाहिजे. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. म्हणून एकदा पूर येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असे नव्हे. लाल रेषेवरच्या घराला दर वर्षी एक टक्का शक्यता असते. तीस वर्षांत ती सुमारे २६ टक्के होते. निळ्या रेषेवर हाच हिशेब ७० टक्क्यांपर्यंत जातो.

सर्वांत अवघड दरडी. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आला. २२ जुलै २०२१ रोजी तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. वर जायला गाडीरस्ताही नव्हता, त्यामुळे अवजड यंत्रे पोचली नाहीत आणि २७ मृतदेह सापडल्यावर शोध थांबवावा लागला. म्हणजे रस्ता नसणे हीसुद्धा जोखमीतच धरायची बाब.

पूर्वी जिथे दरड पडली तेवढीच गावे नोंदवायची, अशी यादी इतिहास म्हणून ठीक. अंदाजासाठी ती तोकडीच. बेसॉल्टच्या कठीण कातळावर झिजलेल्या दगडमातीचा थर असतो. मुसळधार पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या कातळावर अडते. पाण्याचा दाब वाढला की मातीची पकड सुटते आणि थर घसरतो. उतार किती, थर किती जाड, पायथा रस्त्यासाठी किंवा घरासाठी कापला आहे का, ही पाहणी प्रत्यक्ष जागेवर करावी लागते. घरामागच्या उतारावर पडलेली भेग, कलंडलेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा, एकाएकी अडकू लागलेले दार या खुणा उपग्रहाच्या चित्रापेक्षा गावकऱ्यांना आधी दिसतात.

नकाशावर अख्खा तालुका लाल रंगवून तहसीलदाराच्या हाती फारसे काही लागत नाही. मोजणीचे एकक वाडी हेच हवे: घरे किती, रात्री वस्तीला माणसे किती, बाहेर पडायची वाट कुठली, किती पावसाला हलायचे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा आराखड्याचा दर वर्षी आढावा घेणे बंधनकारक आहे. नवा रस्ता, नवी खाण, नव्याने वसलेली वस्ती यांची भर त्या आढाव्यात पावसाळ्यापूर्वी पडायला हवी.